लाज : जनाची आणि मनाची

मराठीत ‘नागवणे’ म्हणजे लुबाडणे. सावकाराने कुळास नागवले, चोरांनी वाटसरूस नागवले, असे आपण सहज म्हणतो, आणि त्या वेळी अंगावरील वस्त्राचा विचारही मनात नसतो. मनुष्याच्या नागवेपणाकडे पाहताना भाषेने प्रथम त्याच्यापासून कोणी काय हिरावून घेतले ह्याचा हिशेब केला आहे. उलट ज्याने आपण होऊन वस्त्र टाकले त्यास आपण ‘नागडा’ म्हणत नाही. ‘दिगंबर’ म्हणतो आणि वाकून नमस्कार करितो. देवीच्या नामावळीत ‘दिगंबरी’ हे नाव आढळेल. दख्खनेत जिच्या विवस्त्र प्रतिमा सापडतात तिला तर आपण ‘लज्जागौरी’ ह्या नावाने ओळखितो, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. परंतु हाडामांसाच्या स्त्रीस असे आदराचे नाव मिळण्याची सोय आपल्या व्यवहारात नाही. तिच्यासाठी एकच शब्द आहे, आणि तो शिवी आहे.

घरातील सर्व माणसे वाचतात अशा मासिकात हा विषय काढावा काय, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर एवढेच की सभ्यतेचे नियम ह्या घरांतच शिकविले जातात, आणि जो नियम आपण मुलांस शिकवितो त्याचे कारण आपणास सांगता आले पाहिजे. शिवाय ज्या जिल्ह्यात हे लिहिले जात आहे, त्या अहमदनगर जिल्ह्याने (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) ह्या प्रश्नाचा विचार करावयास गेल्या दहा वर्षांत दोनदा भाग पाडिले आहे.

पहिला प्रसंग नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरचा. येथील शनीची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही. ह्या चौथऱ्यावर चढून तेल वाहण्याचा पूर्वापार रिवाज असा की पुरुषाने तेथेच स्नान करावे, केशरी वस्त्र नेसावे आणि उघड्या अंगाने, ओलेत्याने वर जावे. स्त्रीने मात्र खालूनच हात जोडावे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढून दर्शन घेऊन गेली, तेव्हा शिळेचे शुद्धीकरण करण्यात आले. पुढे २६ जानेवारी २०१६ रोजी भूमाता ब्रिगेडच्या स्त्रिया शिंगणापुराकडे निघाल्या, त्यांस सुप्याजवळ अडविण्यात आले. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाची मोकळीक देणारा १९५६ चा कायदा अस्तित्वात असताना स्त्रीस अडविता येणार नाही, आणि तिच्या हक्काचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांस खुला केला.

हा वाद मंदिरप्रवेशाचा म्हणून गाजला, आणि तो तसा होताही. परंतु त्यातील वस्त्राचा भाग पुष्कळांच्या नजरेतून सुटला. एकाच जागी, एकाच देवापुढे, अर्धा उघडा आणि ओला पुरुषदेह हे शुचितेचे लक्षण ठरले, आणि डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेला स्त्रीदेह अशुचितेचे. झाकण्याने सभ्यता येते आणि उघडण्याने ती जाते, हा जर आपला सिद्धांत असेल तर शिंगणापुरात तो नेमका उलटा लागू होत होता.

दुसरा प्रसंग शिर्डीचा. डिसेंबर २०२० मध्ये तेथील संस्थानाने भक्तांनी सभ्य, भारतीय संस्कृतीस साजेसा पोशाख करून यावे अशा विनंतीचे फलक लाविले. ही सक्ती नसून आवाहन आहे, असा खुलासाही संस्थानाने केला. त्यावर तृप्ती देसाई यांनी आक्षेप घेतला की देवळातील पुजारी अर्धे उघडे असतात, त्यांच्यासाठी कोणी फलक लावीत नाही. फलक हटविण्यास त्या निघाल्या, तेव्हा त्यांसही सुप्याजवळच थांबविण्यात आले. देसाईंची पद्धत ज्यांस मुळीच रुचत नाही अशा गृहस्थांनीही त्यांच्या ह्या एका आक्षेपाचे उत्तर देऊन पाहावे. पुजाऱ्याचे उघडे अंग हे सोवळे आहे, वेष आहे, त्यात कामुकता नाही, असे उत्तर बहुधा येईल. ते खरेही आहे. परंतु ते मान्य केले की उघडे अंग आणि कामुकता ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत हेही मान्य केले. आणि मग ती निराळीक फक्त पुरुषाच्या बाबतीतच का दिसावी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

वस्त्राचे नियम लज्जारक्षणासाठी असतात, ही समजूत इतिहासापुढे फारशी टिकत नाही. आपल्याच ब्राह्मण घरांत, फार लांब नव्हे, तीन-चार पिढ्यांमागे, केशवपन झालेल्या विधवेस आलवण नेसावे लागे आणि चोळी घालण्याची तिला मनाई असे. सवाष्ण सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळला तर ओरडणारे घर, त्याच घरातील तरुण विधवेची चोळी काढून घेत असे. आणि ह्यात विसंगती आहे असे कोणास वाटत नसे. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी वरिष्ठ जातींसारखे वरचे वस्त्र घेतले म्हणून दंगे झाले, आणि त्यांस अंग झाकण्याची परवानगी मिळण्यास १८५९ चा जाहीरनामा निघावा लागला. म्हणजे कोठे स्त्रीने उघडे राहणे हा अपराध, तर कोठे तिने झाकून घेणे हा अपराध. दोन्ही ठिकाणी समान धागा शोधू गेल्यास तो लज्जेचा सापडत नाही. तिने आपल्या देहाचे काय करावे हे दुसऱ्याने ठरवावे, एवढाच सापडतो. वस्त्र हे तिच्या पायरीची खूण होते. सवाष्ण, विधवा, कुळवाडीण, कलावंतीण, प्रत्येकीचा पदर आणि चोळी दुसऱ्यांनी मोजून दिलेली होती.

ह्यावर कोणी म्हणेल की हे समाजाचे झाले. धर्माच्या उच्च भूमिकेवर, जेथे देहभावच संपतो, तेथे तरी हा भेद नसेल. दुर्दैवाने तेथे तो अधिक सूक्ष्म झाला आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधू विवस्त्र मिरवत कुशावर्ताकडे जातात आणि लक्षावधी लोक, त्यांत सहकुटुंब आलेली आपल्यासारखी माणसे, दुतर्फा उभी राहून दर्शन घेतात. पोलीस वाट करून देतात. आखाड्यांत स्त्रियांसही नागा दीक्षा मिळते, परंतु त्यांनी एक न शिवलेले भगवे वस्त्र अंगावर ठेविलेच पाहिजे. जैन धर्मात तर हा वाद तत्त्वज्ञानाच्या पातळीवर शतकानुशतके लढविला गेला. नगर शहर आचार्य आनंदऋषींमुळे स्थानकवासी जैनांचे एक मोठे केंद्र झाले, तेव्हा येथील वाचकांस तो परका वाटू नये. दिगंबर मताप्रमाणे मोक्षास संपूर्ण अपरिग्रह हवा, अपरिग्रहात वस्त्राचाही त्याग आला, आणि स्त्रीस वस्त्रत्याग विहित नाही. म्हणून त्या जन्मात तिला मोक्ष नाही. श्वेतांबर म्हणतात की वस्त्र मोक्षाच्या आड येत नाही, आसक्ती येते. त्यांच्या परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्री होती. पहिल्या मताची तर्कसरणी निर्दोष दिसते. पण तिच्यातील एक पायरी लक्षपूर्वक पाहावी. स्त्रीने वस्त्र का टाकू नये, ह्याच्या कारणांत तिच्या स्वतःच्या लज्जेबरोबर परपुरुषांपासून तिला असणारे भयही येते. म्हणजे इतरांच्या विकाराचा दंड म्हणून तिचा मोक्ष थांबविला जातो.

बाराव्या शतकातील अक्कमहादेवीने हा दंड मानला नाही. पतीचे घर सोडून, वस्त्रही सोडून, केवळ केसांनी अंग झाकून ती कल्याणास शिवशरणांच्या सभेत गेली. परंपरा सांगते की अल्लमप्रभूंनी तिला विचारिले, सर्व सोडलेस तर हे केसांचे आवरण का? तिच्या उत्तराचा आशय असा सांगतात की हे आवरण माझ्यासाठी नाही, तुम्हांस त्रास होऊ नये म्हणून आहे. ह्या उत्तरात सगळ्या प्रश्नाचे मर्म आले आहे. लज्जा कोणाची आणि आवरण कोणी घ्यावयाचे, ह्या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या, आणि तरीही दुसऱ्याच्या दुबळेपणाविषयी ती निष्ठुर झाली नाही. आपल्या जिल्ह्यातील साकोरीचे उदाहरणही येथे आठवते. उपासनी महाराज कमरेला तरटाचा तुकडा गुंडाळून राहत; त्यांच्या उघडेपणास लोकांनी वैराग्य म्हटले. परंतु त्याच महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभारून मुलींस वेदपठणाचा आणि यज्ञाचा अधिकार दिला, आणि १९४१ साली त्यांच्या निधनानंतर त्या स्थानाची धुरा गोदावरीमातांकडे आली. ज्यास आपला देह विसरता आला, त्यास दुसऱ्याच्या देहावरून त्याचा अधिकार ठरवावा असे वाटले नाही.

आता कायद्याकडे वळू. अश्लीलतेची जी कसोटी इंग्रज न्यायाधीशांनी १८६८ साली ठरविली, ती अशी की ज्यांची मने अशा प्रभावास वश होण्यासारखी आहेत त्यांस बिघडविण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय हे पाहावे. म्हणजे समाजातील सर्वांत दुबळे मन हे सर्वांचे माप झाले. ह्या मापाखाली महाराष्ट्रात जो पुरुष पुनःपुन्हा सापडला तो म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढिला. मुलाने १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढिले, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र छापले आणि नग्नतेत स्वतःत अश्लील असे काही नाही हे आयुष्यभर मांडले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. कर्व्यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही एक शंका विचारावीशी वाटते : मुखपृष्ठावर चित्र बहुधा स्त्रीचेच का? नग्नता निर्मळ आहे हे सिद्ध करावयाचे तर पुरुषाचा देहही तितकाच उपयोगी होता. बंडखोरही आपल्या काळाच्या डोळ्यांनीच पाहतो.

ते १८६८ चे माप सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली स्वीकारले आणि २०१४ साली टाकून दिले. आता समकालीन समाजाची धारणा आणि संपूर्ण संदर्भ पाहावा असे ठरले. जुलै २०२४ पासून दंडसंहिताही नवी आली. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करण्याचा अपराध तीत कायम आहे, आणि त्यासाठी इतरांस उपद्रव झाला पाहिजे ही अटही कायम आहे. परंतु समाजाची धारणा हे माप घ्यावयाचे तर ती धारणाच दोन मापांची असल्यास काय करावे? नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात एकाच आठवड्यात दोन प्रकरणे झाली. अभिनेते मिलिंद सोमण आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावले व त्यांनी छायाचित्र प्रसिद्ध केले. पूनम पांडे ह्या अभिनेत्रीचे चापोली धरणावरील चित्रीकरण बाहेर आले. गुन्हे दोघांवर नोंदले गेले. परंतु तिला अटक होऊन जामीन घ्यावा लागला. त्यांस अटक झाली नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी कमावलेल्या शरीराचे कौतुकच अधिक झाले. दोन्ही प्रकरणे तंतोतंत सारखी नव्हती, धरण ही सरकारी जागा होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण लोकांच्या बोलण्यातील फरक धरणामुळे पडला नव्हता. एकाच्या बाबतीत विषय व्यायामाचा झाला, दुसरीच्या बाबतीत चारित्र्याचा. केरळ उच्च न्यायालयाने जून २०२३ मधील एका निकालात हेच दाखविले : पुरुषाच्या देहस्वातंत्र्याविषयी क्वचितच कोणी प्रश्न विचारतो, आणि नग्नता व अश्लीलता हे समानार्थी शब्द नव्हेत.

येथे तीन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत, कारण ते समंजस लोकांकडून येतात.

पहिला निसर्गाचा. पुरुषाची दृष्टी निसर्गतःच चंचल, म्हणून झाकण्याचा भार स्त्रीवर. हे गृहीत धरले तरी निष्कर्ष उलट निघतो. मोकाट जनावर शेतात शिरले तर गाव जनावर कोंडवाड्यात घालतो आणि दंड त्याच्या मालकाकडून घेतो. शेताला कुंपण असणे शहाणपणाचे आहे, पण कुंपण नव्हते म्हणून पिकाच्या मालकास दंड झाल्याचे कोणी ऐकले नाही. उपमा अर्थात अपुरीच आहे, कारण स्त्री हे कोणाचे शेत नव्हे. परंतु दंड कोणी भरावा एवढे तीतून दिसते.

दुसरा आक्षेप संकेताचा. सभ्यता ही भाषेसारखी आहे. तीत तर्क शोधू नये. हे बरेचसे खरे आहे. नऊवारीच्या काष्ट्यात आजीची पोटरी उघडी असे आणि ती सोज्ज्वळ मानली जाई. तेवढीच पोटरी नातीच्या झग्याखाली दिसली तर घरात वाद होतो. संकेत बदलतात आणि त्यांत गैर काही नाही. परंतु संकेत मनमानी असू शकतो म्हणून तो अन्यायीही असावा असे नव्हे. रस्त्याच्या डावीकडून जावे हा संकेत मनमानी आहे, पण तो सर्वांस सारखा लागू आहे; तो मोडल्याचा दंड फक्त एका जातीच्या किंवा एका लिंगाच्या माणसांस होत असता तर त्यास आपण संकेत म्हटले नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत सद्भावनेचा : ही बंधने स्त्रीच्या रक्षणासाठी आहेत. तसे असेल तर तिला जेथे खरोखर आडोसा हवा तेथे समाजाने तो प्रथम दिला असता. आपल्या रस्त्यांवर भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले पुरुष दिवसाढवळ्या दिसतात. ही सार्वजनिक नग्नताच आहे. परंतु तिच्यावर कोणी लेख लिहीत नाही. ज्या गावी घरोघर शौचालये नव्हती, तेथे स्त्रिया पहाटे किंवा अंधार पडल्यावरच बाहेर जात, आणि रस्त्यावरून गाडीचा उजेड आला की उठून उभ्या राहत. पुरुष बसून राहत. दिवसभर पाणी न पिण्याची सवय त्यांनी ह्या लाजेपायी लावून घेतली. आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावाने लोटाबंदी केली, आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणाही झाली. परंतु दरवर्षी हंगामात कारखान्यांच्या भोवती उतरणाऱ्या ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पाहाव्या. साडीवर पुरुषाचा सदरा चढवून कोयता चालविणारी बाई नवऱ्याइतकीच मोळी वाहते. आंघोळीसाठी मात्र तिला दिवस उगवण्याआधी उठून लुगड्याचा आडोसा करावा लागतो, आणि त्याच कोपीचा पुरुष टँकरच्या तोटीखाली उजेडात अंघोळ करितो. कोण्या देवस्थानाच्या किंवा महाविद्यालयाच्या दारावरील पोशाखाच्या फलकाने तिच्या लाजेचे रक्षण होत नाही. चार भिंती आणि एक कडी लाविलेले दार ह्यांनी होईल. स्त्रीच्या अब्रूविषयी बोलण्याचा खर्च नाही, दाराचा आहे. आपण बोलण्याची निवड केली आहे.

मग सभ्यता मुळी नकोच काय? तसे मानण्याचे कारण नाही. भर बाजारात सर्वांनी विवस्त्र हिंडावे असे ह्या लेखकाचे मत नाही. वस्त्र हे मनुष्याने आपल्या एकांताभोवती घातलेले कुंपण आहे, आणि एकांताशिवाय व्यक्तित्व नाही. परंतु सभ्यतेचा नियम सभ्य आहे की नाही हे तपासण्यास तीन प्रश्न पुरेसे वाटतात. वस्त्र टाकणाऱ्याने किंवा टाकणारीने ते स्वेच्छेने टाकले काय? ते न पाहण्याची मोकळीक इतरांस राहिली काय? आणि हाच नियम आपण पुरुषास व स्त्रीस सारखा लावू काय?

ह्या कसोटीवर वस्तू वेगळ्याच रांगेत उभ्या राहतात. सिंहस्थातील साधू पहिल्या दोन प्रश्नांत उतरतो, कारण मिरवणुकीस न जाण्यास आपण मोकळे असतो. त्याच्या आखाड्याने साध्वीस घातलेला नियम तिसऱ्यात अडकतो. कलाविद्यालयात चित्रकारांपुढे बसणारी स्त्री तिन्हींत उतरते. उलट बसथांब्यावर एकट्या मुलीस पाहून अंग उघडे करणारा पुरुष दुसऱ्याच प्रश्नात अपराधी ठरतो. आणि आश्चर्य असे की त्याच्या बाबतीत आपण मुलीलाच ‘लक्ष देऊ नकोस’ असे सांगतो. सर्वांत शेवटी येतो तो प्रकार ज्यात पहिल्याच प्रश्नाचे उत्तर भयंकर आहे. कौरवसभेपासून २०२३ साली मणिपुरात झालेल्या धिंडीपर्यंत, शत्रूस, कनिष्ठ जातीस किंवा परक्या जमातीस नमविण्यासाठी त्यांच्या स्त्रीस विवस्त्र करण्यात आले. हे शस्त्र चालते कशाच्या बळावर? कुळाची अब्रू स्त्रीच्या देहात ठेविली आहे, ह्या आपल्याच समजुतीच्या बळावर. जिच्यावर अत्याचार झाला तिची लाज गेली असे जोवर आपण म्हणतो, तोवर अत्याचाऱ्याच्या हाती धार देणारे आपणच असतो. लाज त्याची गेली, असे म्हणावयास शिकणे हा शब्दांचा खेळ नव्हे.

आपल्याकडे निर्लज्जास म्हणतात, ‘जनाची नाही तर मनाची तरी धर.’ म्हणीने दोन लाजा ओळखल्या आणि त्यांत मनाची लाज अधिक खोल मानिली. जनाची लाज विचारते, मला कोण पाहत आहे? मनाची लाज विचारते, मी कोणाकडे कसा पाहत आहे? आपण मुलींस पहिली लाज फार लवकर आणि फार कसोशीने शिकविली : पदर सावर, ओढणी नीट घे, पाय जवळ घेऊन बस. मुलांस दुसरी लाज शिकविण्याचे मात्र राहून गेले; पुष्कळ घरांत त्यांस पहिलीही शिकविली गेली नाही. दोन्ही लाजा दोघांच्याही वाट्यास सारख्या आल्या पाहिजेत. ह्यासाठी न्यायालयाची किंवा मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलीस पदर सावरण्यास सांगणाऱ्या आईबापांनी त्याच बैठकीत मुलासही सांगावे की, दुसऱ्याच्या देहाकडे पाहताना आधी आपली नजर सावर. आणि रस्त्याच्या कडेस भिंतीकडे वळण्यापूर्वी, आपल्या बहिणीला ही सोय नाही, हे आठव.